बादली भरेपर्यंतचा व्यायाम

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच कॉलेज, रात्री एकपर्यंत जर्नल आणि सबमिशन, राहायला हॉस्टेल. व्यायाम सुरू केला की चार-पाच दिवसांत सुटतो. मग वेळ काढायचा कुठून आणि उत्साह आणायचा कुठून? वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते.

पुणे विद्यापीठात केमिस्ट्रीत एमएस्सी करताना मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे. एका खोलीत आम्ही तिघी. दुपारभर प्रॅक्टिकल, म्हणजे तीन-चार तास टेबलापाशी उभं राहणं, मग बसने परत, मेस आणि जर्नल. पहिल्याच सत्रात कंबर धरायला लागली. म्हणून जवळच्या एका जिममध्ये सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले आणि अकरा दिवस गेले. व्यायाम पाऊण तासाचा, पण जाणं-येणं, मशीन रिकामं व्हायची वाट बघणं, परत येऊन आंघोळ, सगळं मिळून दोन तास जायचे. पैसे परत मिळाले नाहीत. त्यापेक्षा जास्त लागलं ते हे की मी स्वतःला आळशी समजायला लागले. तू आत्ता तेच करते आहेस, असं तुझा प्रश्न वाचून वाटलं. तसं करू नकोस. रोज दोन मोकळे तास तुझ्याकडे नाहीतच, त्यात तुझा काय दोष?

माझं गाडं रुळावर आलं ते पाण्यामुळे. आमच्याकडे पाणी सकाळी सहा ते सात एवढंच यायचं. नळाला जोर नव्हता, एक बादली भरायला सहा-सात मिनिटं लागायची. तीन बादल्या म्हणजे वीस मिनिटं, आणि कोणीतरी तिथे थांबावंच लागे. एकदा कंबर फारच आखडली होती म्हणून नळापाशी उभ्याउभ्या बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मोरीसमोरच्या जागेत सतरंजी टाकून सूर्यनमस्कार घातले. माझ्या गतीने बारा नमस्कारांना साधारण एक बादली लागायची. बादली भरत आली की पाण्याचा आवाज बारीक होत जातो. आधी घुमणारा, मग उंच, आणि काठाशी आलं की जवळजवळ शीळ. नळाकडे पाठ असली तरी कळायचं की आता हा शेवटचा नमस्कार.

मग मी मैत्रिणींना सांगून टाकलं की रोजचं पाणी मी भरणार. त्या खूश झाल्या, आणि मी पक्की अडकले. मी उठले नाही तर तिघींची आंघोळ खोळंबणार. थंडीत पांघरूण सोडवत नसे, उत्साह शून्य असायचा, तरी उठायचे, कारण उठणं व्यायामासाठी नव्हतंच. नळापाशी गेलं की अंग आपोआप सुरू व्हायचं. तू उत्साहाची वाट बघू नकोस, असं मी कळकळीने सांगते ते यासाठी. जे काम टाळताच येत नाही, त्याच्या शेपटीला व्यायाम बांध. उत्साह येतो, पण घाम आल्यावर.

माझे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळांमधून मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले होते. आजोबा म्हणायचे, नमस्कार मोजून घालावेत, घड्याळ बघून नाही. हे मला फार उपयोगी पडलं. ‘अर्धा तास व्यायाम’ ठरवलं की अर्धा तास सापडेपर्यंत दिवस संपतो. ‘बारा नमस्कार’ ठरवलं की दहा मिनिटांची फटसुद्धा पुरते.

आता हिशोब बघ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा. माझ्या तीन बादल्या सहा दिवस धरल्या तर १२० मिनिटं झाली. रविवारी मी आणि एक मैत्रीण पायी सारसबागेवरून पर्वतीला जायचो. १०३ पायऱ्या, पहिल्यांदा दोनदा थांबून, मार्चपर्यंत न थांबता. वर पोचल्यावर वाऱ्यात पाच मिनिटं बसायचो आणि आठवड्याभराचं बोलून घ्यायचो. ती सातला सारसबागेच्या फाटकाशी उभी असायची, म्हणून मी जायचे. एकटी असते तर कितीतरी रविवार झोपून काढले असते. तुझ्याही वर्गात कंबर धरून बसलेली एखादी असेलच, तिला विचार.

ताकदीसाठी जिमच लागते असं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी नमस्कारांऐवजी बैठका मारायचे आणि जोर काढायचे. सुरुवातीला जोर जमेनात, तेव्हा कॉटच्या कडेला हात टेकून तिरके काढले. पाळीच्या पहिल्या दोन दिवशी अंगाला झेपेल तेवढंच, बहुतेकदा नुसतं चालणं.

खाडा पडेल, त्याची फार भीती बाळगू नकोस. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर काहींच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. तू पाचव्या दिवशी सोडतेस ते बहुधा एक खाडा पडला की ‘गेलंच आता’ वाटून. परीक्षेच्या पंधरवड्यात मी एकाच बादलीपुरते नमस्कार घालायचे, पण सतरंजी रोज टाकायचे.

एक मात्र करू नकोस. एक वाजता झोपून पाचला उठू नकोस. झोप कापून केलेला व्यायाम टिकत नाही आणि दुपारच्या लेक्चरला डोळे मिटतात. सकाळ जमत नसेल तर कॉलेजमधून आल्यावर, मेसला जायच्या आधी कर, पोट तेव्हा रिकामंच असतं. आंघोळ त्यानंतर ठेव, म्हणजे दोनदा कपडे बदलणं वाचेल. आणि खोलीत आल्यावर आधी कॉटवर बसू नकोस. बॅग ठेवायची आणि उभ्यानेच सुरू करायचं. मी ज्या ज्या दिवशी ‘पाच मिनिटं’ टेकले, त्या दिवशी पुन्हा उठले नाही.

तुमच्या हॉस्टेलला पाणी किती वाजता येतं, मेस कधी उघडते आणि खोलीत सतरंजीपुरती जागा आहे का, एवढं खाली लिही. पहिल्या आठवड्याचं आपण दोघी मिळून बसवू.