आकडा एकानेच वाढला, मग बाबा दारात का अडखळतात?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त ठेवण्यात, त्यांचं आयुष्य गेलं. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं. डॉक्टर दरवर्षी एमडीएस-यूपीडीआरएस नावाची तपासणी करून चार भागांचे गुण लिहून देतात. गेल्या वर्षी ते ९, १४, ३८ आणि २ होते, यंदा १३, १९, २७ आणि ५ आहेत. धाकटा भाऊ सगळं एक्सेलमध्ये ठेवतो. त्याच्या बेरजेनुसार ६३ चे ६४ झाले, म्हणजे आजार जागच्या जागी आहे. आई म्हणते, हात थरथरायचे थांबले हे खरं, पण न्हाणीघराच्या दारात ते खिळल्यासारखे उभे राहतात. रात्री खाटेच्या पायथ्याशी एक लहान मुलगा बसलेला दिसतो म्हणतात, आणि ‘तो खरा नाही, ठाऊक आहे मला’ असंही म्हणतात. कोणाचं धरायचं? गुणांची पूर्ण पानं सोबत जोडली आहेत.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आईचं धरा. भावाची बेरीज बरोबर आहे, पण ती करायलाच नको होती.

हे चार भाग चार निरनिराळ्या गोष्टी विचारतात. पहिला हालचालींपलीकडच्या त्रासांचा: झोप, बद्धकोष्ठता, उदासी, भास. दुसऱ्यात कपडे घालणं, जेवणं, चालणं यांत रोज काय अडतं ते रुग्ण स्वतः सांगतो. तिसऱ्यात डॉक्टर हातपाय हलवायला लावून, चालवून बघतात. चौथा औषधं सुरू झाल्यावर येणाऱ्या गुंतागुंतीचा, म्हणजे अंगाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली आणि गोळीचा असर मधेच उतरणं. प्रत्येक बाबीला ० ते ४ गुण, जितके जास्त तितका त्रास जास्त. भागांची कमाल अनुक्रमे ५२, ५२, १३२ आणि २४. एवढं पाहिलं तरी बेरजेत कोणाचा आवाज चढा राहणार ते कळतं.

तिसऱ्या भागाच्या आतही तेच. त्यातल्या ३३ नोंदींपैकी १० नुसत्या कंपाच्या आहेत, प्रत्येकी ४ धरून कमाल ४०. चालणं, पाय खिळणं आणि तोल यांना प्रत्येकी एकेक, तिन्ही मिळून १२. माणूस पडतो तो मात्र बहुतेकदा या बारांतल्या दोषांमुळे.

आता तुमची पानं. तिसऱ्या भागात कंपाचे ८ आणि ताठरपणा व मंदपणाचे ५ गुण कमी झाले, चालणं आणि पाय खिळणं मिळून २ वाढले. म्हणून ३८ चे २७. दुसऱ्या भागात ५ वाढले, त्यातले २ एकट्या पाय खिळण्याचे. चौथ्यात ३ वाढले. वर्षभरात लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य गोळीचा, डोस वाढवल्याचं पानावर आहेच. या गोळीनं कंप, ताठरपणा आणि मंदपणा बऱ्याचदा उतरतो, पण तोल आणि पाय खिळणं तिला तितकी दाद देत नाहीत, आणि अंगाच्या नको त्या हालचाली तिच्यामुळे वाढू शकतात. तिसऱ्या भागाची कमाई बाकीच्या तिघांनी खाल्ली आणि भावाच्या हाती १ उरला. दिवसाचं कापड किती मीटर निघालं आणि ताणा किती वेळा तुटला, यांची बेरीज करून तुमच्या बाबांनी मालकाला कधी दिली नसेल.

मला सगळ्यात जास्त काळजी पहिल्या भागातल्या एका ओळीची वाटते. भास: गेल्या वर्षी ०, यंदा २. या ओळीत २ चा अर्थ असा की स्पष्ट आकृती दिसते, पण ती खरी नाही याचं भान शाबूत आहे. ते भान गेलं की ३. बद्धकोष्ठतेचा २ आणि भासाचा २ एकाच किमतीचे नाहीत, पण बेरीज दोघांनाही सारखंच मोजते. शिवाय ० वरून १ वर जाणं आणि ३ वरून ४ वर जाणं ही अंतरंही सारखी नाहीत. हे गुण क्रम सांगतात, फूटपट्टीसारखं माप देत नाहीत.

भावाला फार रागावू नका. १९८७ च्या जुन्या यूपीडीआरएसमध्ये पहिल्या तीन भागांची १७६ पैकी बेरीज सर्रास व्हायची, औषधांच्या मोठ्या चाचण्यांतही. नवी मोजणी, म्हणजे तुमच्या पानांवरची एमडीएस-यूपीडीआरएस, २००८ मध्ये आली तेव्हा तिच्या कर्त्यांनी ८७७ रुग्णांच्या गुणांवर ती तपासली. प्रत्येक भागातल्या बाबी आपापसांत नीट जुळल्या. चारही भाग एकत्र केल्यावर एकच एक गोष्ट मोजली जाते, असं मात्र दिसलं नाही. म्हणून भाग वेगळेच सांगा, असं त्यांनीच लिहिलं. तरी ‘टोटल’ची हौस जात नाही. एका आकड्याचा आलेख सुबक दिसतो, दुसरं काय!

आणखी एक खोच. गेल्या वर्षीच्या पानावर गोळी घेतलेली नव्हती असं लिहिलं आहे. यंदाची तपासणी गोळीनंतर तासाभरानं झाली. तेव्हा ११ गुणांच्या घटीत डोसचा वाटा किती आणि वेळेचा किती, हे या दोन पानांवरून सांगता येणार नाही. पुढच्या वेळी त्याच अवस्थेत, जमलं तर त्याच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

पण पुढच्या वर्षाची वाट बघू नका. भास आणि दारात पाय खिळणं, या दोन गोष्टी डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. आईला सोबत न्या, बोलू द्या. भास औषधांमुळेही होतात, कधी लघवीच्या संसर्गासारख्या दुसऱ्या कारणानंही. गोळी मनानं कमी करू नका, अचानक बंद तर मुळीच नाही, त्यानं जिवावर बेतू शकतं. दारातला उंबरा आणि पायपुसणं मात्र आजच काढता येईल, आणि रात्री खोलीत लहानसा दिवा लावून ठेवा. भावाला एक्सेल आवडतंच तर त्यात चार रकाने करायला सांगा, आणि पाचवा गोळीच्या वेळेचा.