धंद्याचं मशीन, म्हणून ग्राहक नाही?

प्रश्न : गेल्या दिवाळीत कोल्हापूरच्या एका दुकानातून २३,५०० रुपयांना मोटरचं शिलाई मशीन घेतलं. ब्लाऊज शिवून घर चालवते, लेक हाताखाली असते. पहिल्याच आठवड्यापासून टाका सुटतो, कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. कंपनीचा माणूस येऊन ‘सेटिंग’ करून जातो, दोन दिवसांत पुन्हा तेच. दुकानदार बिलावर बोट ठेवतो : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ वर म्हणतो, धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक कोर्टात तुमचं कोण ऐकणार? कोल्हापूरला हेलपाटे मला परवडायचे नाहीत.
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, दुकानदाराला कायदा अर्धाच ठाऊक आहे, आणि तोही त्याच्या सोयीचा.

नफ्याच्या धंद्यासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, इथपर्यंत त्याचं बरोबर. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं या ‘धंद्यासाठी’च्या व्याख्येतून वगळली आहे, म्हणजे तुम्ही ग्राहकच. लेक हाताखाली असते त्याचं काय, असं वाटेल. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की यंत्र चालवायला एकदोघांची मदत घेतली तरी माणूस ग्राहकच राहतो. दहा बायका पगारावर बसवल्या असत्या तर गोष्ट वेगळी.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. रंग आवडला नाही म्हणून मशीन परत न्याल, तर दुकानदार खुशाल नाही म्हणेल. माल सदोष असेल तर मात्र बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तुम्ही पहिल्याच आठवड्यात कळवलंत, हे मोलाचं. त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर पुसू नका. कंपनीच्या माणसानं दिलेले सर्व्हिसचे कागद जपा आणि टाका सुटतानाचा व्हिडिओ आजच काढा, मशीनचा नंबर दिसेल असा.

आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथून हुकूम निघत नाही, पण कंपनीला पत्र गेलं की बरेचदा सूत्रं हलतात. नाहीच हलली तर रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडा आणि सातारा जिल्हा ग्राहक आयोगात जा. हो, साताऱ्यालाच. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकिलाची सक्ती नाही. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरणार नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका. निकाल लवकर लागेल असं मी सांगणार नाही. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात.

तोवर गल्लीतल्या मेकॅनिकला मशीन उघडू देऊ नका. बिघाड त्यानंच केला म्हणायला दुकानदार मोकळा होईल.