व्हर्जिनियाला येण्याआधी: बंदुकांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून

तुमच्या मिस्टरांची बदली हर्नडनला झाली आहे, ऑगस्टमध्ये तुम्ही तिघं येताय, मुलगी चौथीत जाईल, आणि घरचे सगळे एकच धोशा लावून बसलेत की तिकडे शाळांत गोळीबार होतात. त्यात तुमच्या वाचनात आलं की व्हर्जिनियात नवं सरकार आलंय आणि ते बंदुकांचे कायदे बदलणार आहे. खरंच काही बदलेल का, आणि आधी काय बदलायला हवं, असं तुम्ही विचारलंत. मी शेजारच्या लाउडन काउंटीत राहते, माझी मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकली. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बंदुकांच्या बाबतीत सगळी अमेरिका एकसारखी नाही. २०२२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये लाख लोकांमागे चारपेक्षा कमी माणसं बंदुकीने गेली, मिसिसिपीत जवळपास तीस. व्हर्जिनिया या दोन टोकांच्या मध्ये, देशाच्या सरासरीच्या आसपास आहे. फरक पडतो तो बराचसा राज्याच्या कायद्यांमुळे आणि घरोघरी किती बंदुका आहेत त्यामुळे. वॉशिंग्टनकडून सध्या फार आशा ठेवू नका. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्यावर, जून २०२२ मध्ये, दोन्ही पक्षांनी मिळून बंदुकांबद्दल एक कायदा केला. जवळपास तीस वर्षांत एवढा मोठा कायदा झाला नव्हता. पण जानेवारी २०२५ मध्ये केंद्रात सरकार बदललं आणि व्हाइट हाउसमधलं बंदूक-हिंसा प्रतिबंधाचं कार्यालय बंद झालं. एप्रिलमध्ये न्याय खात्याने वस्त्यांमध्ये हिंसा रोखणाऱ्या अनेक संस्थांचं अनुदान मध्येच तोडलं. म्हणून आता लक्ष ठेवायचं ते रिचमंडवर, म्हणजे आपल्या राज्याच्या राजधानीवर.

या राज्याला याची जखम जुनी आहे. १६ एप्रिल २००७ रोजी ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती आणि तमिळनाडूतून आलेले एक प्राध्यापकही. मारेकऱ्याला न्यायालयाने मानसोपचार घ्यायला सांगितलं होतं, तरी ती नोंद बंदूक विकण्याआधी खरेदीदाराची तपासणी होते त्या यादीत पोचली नव्हती आणि त्याला दुकानातून पिस्तुलं मिळाली. पुढे मे २०१९ मध्ये व्हर्जिनिया बीचला सरकारी इमारतीत १२ जण गेले, त्याच वर्षी नोव्हेंबरात डेमोक्रॅट पक्षाने विधिमंडळ जिंकलं आणि २०२० मध्ये एकदम बरंच काही झालं: खासगी विक्रीतही खरेदीदाराची तपासणी, महिन्याला एकच पिस्तूल, धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून तात्पुरती बंदूक काढून घेण्याची तरतूद. तेव्हा विरोधासाठी रिचमंडला वीस हजारांहून जास्त लोक जमले होते, पुष्कळ जण खांद्यावर रायफली घेऊन. नंतरचे गव्हर्नर (इथले मुख्यमंत्रीच म्हणा), रिपब्लिकन पक्षाचे ग्लेन यंगकिन यांनी या विषयावरची डझनावारी विधेयकं नकाराधिकार वापरून परत पाठवली.

१७ जानेवारी २०२६ रोजी डेमोक्रॅट पक्षाच्या ॲबिगेल स्पॅनबर्गर यांनी गव्हर्नर म्हणून शपथ घेतली. दोन्ही सभागृहं त्यांच्या पक्षाकडे आहेत. (वरच्या सभागृहाचं कामकाज चालवणाऱ्या लेफ्टनंट गव्हर्नर गझाला हाश्मी यांचा जन्म हैदराबादचा, हे तुमच्या घरच्यांना जरूर सांगा.) पण इथे गव्हर्नरला लागोपाठ दुसरी टर्म मिळत नाही आणि खालच्या सभागृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. म्हणजे खात्रीचा वेळ दोनच वर्षांचा. एवढ्या वेळात सगळं होणार नाही, म्हणून आधी काय हाती घ्यायचं याला महत्त्व आहे.

सगळ्यात जास्त गाजतं ते असॉल्ट रायफलींच्या, म्हणजे लष्करी धर्तीच्या रायफलींच्या, बंदीचं विधेयक. २०२४ आणि २०२५ मध्ये ते मंजूर होऊन नकाराधिकारात अडकलं. माझा त्याला पाठिंबा आहे, आणि ते कोर्टात टिकण्याची शक्यताही चांगली आहे: मेरीलँडची अशीच बंदी आपल्याच विभागाच्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये वैध ठरवली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तरीही माझ्या यादीत ते पहिलं नाही. रोजचे मृत्यू पिस्तुलांनी होतात, आणि निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे असतात. २०२३ साली देशात ४६,७२८ जण बंदुकीने गेले, त्यात २७,३०० आत्महत्या होत्या. व्हर्जिनियातही चित्र तेच. टीव्हीवर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून तुमच्या घरच्यांच्या मनात फक्त शाळा येते.

मी पहिला नंबर देते तो घरातल्या बंदुकीला कुलूप लावण्याच्या सक्तीला. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातल्याच न्यूपोर्ट न्यूज शहरात सहा वर्षांच्या मुलाने आईचं पिस्तूल दप्तरातून शाळेत नेलं आणि वर्गात आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. सहा वर्षांच्या मुलाला दोष कसा देणार? शाळांतल्या हल्ल्यांवर सिक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेने, २०१९ मध्ये अहवाल दिला, त्यात सुमारे तीन चतुर्थांश बंदुका हल्लेखोराच्या आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आलेल्या होत्या. आणि निराश झालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा विचार करा. तो क्षण टळला तर बहुतेक मुलं जगतात, पण बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले साधारण नऊ जीव घेऊनच थांबतात. व्हर्जिनियाचा आजवरचा कायदा चौदा वर्षांखालच्या मुलाला धोका होईल अशी भरलेली बंदूक बेफिकिरीने उघडी टाकली तरच लागू होतो. अल्पवयीन मुलं असलेल्या घरात बंदूक कुलूपबंदच हवी, असं सांगणारं विधेयक २०२४ मध्ये परत पाठवलं गेलं. बंदुकीची तिजोरी घेतली तर करात ३०० डॉलरपर्यंत सवलत मात्र यंगकिन यांच्याच काळात मिळाली. म्हणजे या मुद्द्यावर दोन्हीकडची माणसं काही प्रमाणात तरी एकत्र येतात. नव्या सरकारने सुरुवात इथून करावी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे बंदूक तात्पुरती काढून घेण्याच्या आदेशाचा कायदा आहे, पण तो लोकांना ठाऊकच नाही. इथे अर्ज फक्त पोलीस किंवा सरकारी वकील करू शकतात. पहिला आदेश १४ दिवसांचा, मग न्यायालयाने ठरवलं तर १८० दिवसांपर्यंत. घरच्यांना थेट कोर्टात जाता येत नाही, त्यांनी पोलिसांना कळवायचं. काही काउंट्या तो नेटाने वापरतात, काही ठिकाणी तो कागदावरच आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही. पोलिसांना प्रशिक्षण आणि लोकांना माहिती द्यायला हवी. बायकोला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेल्याला तीन वर्षं बंदूक बाळगता येत नाही, पण वेगळ्या घरात राहणारा प्रियकर त्यातून सुटतो. ती फटही बुजवायला हवी.

आणि पैसा. रिचमंडच्या व्हीसीयू रुग्णालयात गोळी लागून आलेल्या तरुणाशी खाटेजवळच बोलायला समुपदेशक येतात, म्हणजे तो बदला घ्यायला निघू नये आणि पुन्हा जखमी होऊन परत येऊ नये. असं काम वर्षानुवर्षं टिकलं तरच उपयोगी पडतं. केंद्राने हात आखडल्यावर राज्याने ती जागा भरली नाही, तर विधेयकं मंजूर होतील आणि गरीब वस्त्यांतली मुलं तशीच मरत राहतील.

आता तुमच्यापुरतं. मिस्टर एल-१ वर असोत की एच-१बी वर, आणि तुम्ही त्यांच्या व्हिसावर, तुम्हा दोघांनाही बंदूक घेणं किंवा बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या वाटेला जाऊ नका. ऑफिसातलं कुणी हौसेने नेमबाजीला बोलावलं तर नम्रपणे नाही म्हणा. मित्राचं पिस्तूल हातात धरून काढलेला फोटोसुद्धा अंगाशी येऊ शकतो.

इथे कमरेला उघडं पिस्तूल लावून फिरायला परवाना लागत नाही. आमच्या भागात ते क्वचितच दिसतं, पण दिसलं तर घाबरू नका. शाळेत लॉकडाऊन ड्रिल असते, म्हणजे हल्ला झाला तर काय करायचं त्याचा सराव; दिवे बंद करून मुलं कोपऱ्यात शांत बसतात. लेकीला आधीच साध्या शब्दांत सांगून ठेवा, नाहीतर पहिल्यांदा ती फार दचकेल.

ती एखाद्या मैत्रिणीकडे खेळायला जाणार असेल तर त्या घरी आधी विचारा: "तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात असते ना?" आपल्याला हा प्रश्न विचारायला फार संकोच वाटतो. कुत्रा आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, या गोष्टींबरोबरच तो विचारला की सोपा जातो. बालरोगतज्ज्ञही हा प्रश्न विचाराच म्हणतात. मी तो विचारल्यावर आजवर कुणी रागावलेलं नाही. उलट काही आयांनी तो माझ्याकडून उचलला.

विधिमंडळाचं अधिवेशन यंदा साठ दिवसांचं आहे आणि मंजूर झालेले बहुतेक कायदे १ जुलैपासून लागू होतात. तुम्ही ऑगस्टमध्ये याल तेव्हा कुलपाच्या विधेयकाचं काय झालं ते कळलेलं असेल. जुलैत मला पुन्हा लिहा, तेव्हा जे लागू असेल ते नीट सांगते.