दिल्ली पासिंगची डिझेल एसयूव्ही: स्वस्त कुणाला पडते?

प्रश्न थोडक्यात असा: ग्वाल्हेरला थाटीपूरमध्ये राहणारं जोडपं, दोघांचे मिळून हातात 1 लाख 18 हजार येतात. घरखर्च जाऊन महिन्याला 32 हजार उरतात, त्यातले 15 हजार मुलीच्या शिक्षणाच्या एसआयपीत जातात. मुलगी दहावीत आहे. एफडी 4 लाखांची. दिल्ली पासिंगची, 2020 च्या शेवटची, 68 हजार किलोमीटर चाललेली डिझेल एसयूव्ही 10.75 लाखांना मिळते आहे. जुनी हॅचबॅक विकून दीड लाख, एफडीतून साडेतीन आणि पाच वर्षांचं 6 लाखांचं कर्ज, असा बेत आहे. आईंचे गुडघे दुखतात म्हणून उंच गाडी हवी. तीन मालकांना विचारलं, दोघे खूश, एक वैतागलेला. घ्यावी का?

एसयूव्ही घ्या. ही घेऊ नका.

आईंचं कारण मला पूर्ण पटतं. खाली वाकून बसण्याच्या गाडीत गुडघेदुखीच्या माणसाचे हाल होतात आणि मग ते माणूस बाहेर पडणंच टाळतं. तेव्हा गरज खरी आहे. गाडीची कंपनी मात्र मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तिने उत्तर बदलत नाही.

तुम्ही तीन मालकांना विचारलंत हे उत्तम केलंत, पण उत्तरांची बेरीज करून दोन विरुद्ध एक असा निकाल लावलात, तिथे गफलत झाली. खूश असलेले तुमचे मेहुणे ठेकेदार आहेत, त्यांची गाडी रोज शिवपुरी-गुणा रस्त्यावर धावते. दुसरे इंदूरचे चुलतभाऊ, त्यांनी गाडी नवी घेतली होती आणि वाढीव वॉरंटीही. त्यांना फक्त एवढंच विचारा, की दुरुस्तीचे पैसे कुणी भरले? पहिल्या मालकाचं समाधान बऱ्याचदा कंपनीच्या खर्चाने झालेलं असतं. शिवाय वीस लाख घातलेला माणूस नातेवाइकासमोर आपल्या गाडीला सहसा नावं ठेवत नाही. वैतागलेले तुमचे ऑफिसातले सहकारी मात्र दुसरे मालक आहेत, ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात राहतात, गाडी शाळा, बाजार, ऑफिस एवढीच चालवतात. तिघांपैकी तुमच्यासारखे तेच एक आहेत.

त्यांच्या तक्रारीमागचं कारणही साधं आहे. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले. तेव्हापासूनच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला गॅरेजवाले डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जळून जायला धूर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी काही वेळ सलग वेगात धावायला हवी. थाटीपूरहून बाड्यापर्यंत, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती बाजारापर्यंत, सिग्नल आणि टमटममधून वाट काढणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, वर्कशॉपच्या चकरा सुरू होतात आणि फार दुर्लक्ष झालं तर फिल्टर बदलायची पाळी येते. यात गाडीचा दोष नसतो. ती चुकीच्या घरात आलेली असते.

डिझेलच्या बचतीचं काय? तुमचं वर्षाचं चालवणं 8 हजार किलोमीटर. डिझेल 92 रुपये आणि ॲव्हरेज 14 धरलं तर सुमारे साडेबावन्न हजार. पेट्रोल 107 आणि ॲव्हरेज 12 धरलं तर एकाहत्तर हजारांच्या आसपास. फरक वर्षाला 19 हजारांच्या आत. एक मोठी दुरुस्ती दोन-तीन वर्षांची बचत गिळून टाकेल.

आता दिल्ली पासिंग. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादाने आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, तेव्हापासून तिथल्या डिझेल गाड्यांचा ओघ आपल्याकडे आहे. किंमत कमी दिसते ती त्यामुळे. पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून इथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि मध्य प्रदेशचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो आकडा आरटीओत विचारून घ्या. तुमच्या 11 लाखांतून गाडीची किंमत गेली की 25 हजार उरतात. त्यात टॅक्स, विमा, टायर, पहिली सर्व्हिस हे सगळं बसायचं आहे. बसणार नाही. आणि एफडीत तेव्हा 50 हजारच शिल्लक असतील, घरात आजारी आई असताना.

कर्जाचा हिशेबही तपासा. जुन्या गाडीला 13 टक्के दर धरला तर 6 लाखांचा पाच वर्षांचा हप्ता 13,650 च्या आसपास, व्याज जवळजवळ 2.19 लाख. शिवाय हप्ते मुलगी कॉलेजात गेल्यावरही चालूच. गाडी तोवर दहा वर्षांची झालेली.

किमतीबद्दल एक. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हीवरचा कर, सेस धरून 50 टक्क्यांपर्यंत जायचा, तो 40 टक्के झाला. त्या वेळी ह्युंदाई क्रेटा एसयूव्हीचं सर्वांत खालचं पेट्रोल मॉडेलसुद्धा शोरूम किमतीत पावणेअकरा लाखांच्या आत आलं. नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या, पण जुन्या विकणारे अजून मागच्या किमतीवरूनच हिशेब सांगतात. शिवाय ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात, सरकार ज्या वर्षी जाहीर करतं त्या वर्षी, नव्या गाडीला रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते. मेळ्याच्या आगेमागे आपल्या गावात जुन्या गाडीला जास्त पैसे देणं मला तरी समजत नाही.

माझा बेत असा. एमपी-07, म्हणजे ग्वाल्हेर पासिंगची, एकाच मालकाची जुनी पेट्रोल मिड-साइज एसयूव्ही, जास्तीत जास्त 7 लाख. हॅचबॅकचे दीड लाख, एफडीतून दीडच, आणि 5 लाख कर्ज तीन वर्षांसाठी. हप्ता 16,850 च्या आसपास बसतो, एसआयपीला हात न लावता जेमतेम झेपेल, आणि बारावीनंतर वर्षभरात संपेल. उरलेला एक लाख दुरुस्ती आणि विम्यासाठी बाजूला. गाडीच्या सजावटीत पैसे घालू नका. सात सीटचा मोह असेल तर तोही सोडा. दिवाळीला पुण्याला जायला झेलम आणि गोवा एक्स्प्रेस आहेत.

गाडी ठरली की सर्व्हिस सेंटरमधून किलोमीटरची नोंद मागा, सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर कर्जाचा बोजा आणि चलानं बघा. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायचा असतो. विक्रेता नो-क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विमा हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, आमिष दाखवेल, पण तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. कर्जाचा दर आधी तुमच्या पगाराच्या बँकेत विचारा, डीलरच्या फायनान्सवाल्याकडे त्यानंतर. आणि दिल्लीच्या गाडीला टोकन दिलं असेल तर ते लेखी मागून परत घ्या. मिळालं नाही, तरी त्या पैशांपायी सौदा पुढे नेऊ नका.