खेळाडू ते प्रशिक्षक: खालिद जमील यांचा मार्ग

प्रश्न असा की चांगला फुटबॉलपटू निवृत्तीनंतर थेट प्रशिक्षक होऊ शकतो का. थेट नाही. आधी परवाने: भारतात डी, मग आशियाई फुटबॉल महासंघाचे (एएफसी) सी, बी, ए आणि शेवटी प्रो. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मुख्य प्रशिक्षक व्हायला प्रो लागतो, आणि दोन पायऱ्यांमध्ये प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा काळ दाखवावा लागतो. अनेकांचं घोडं इथेच अडतं. खेळून झालं, पण परवाना बी वरच.

खालिद जमील महिंद्रा युनायटेड आणि मुंबई एफसीकडून खेळले. दुखापतींमुळे खेळ थांबला आणि 2009 मध्ये त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. सात वर्षं! पैसा बेताचा, त्यामुळे आधी बचाव घट्ट, मग लांब पास आणि सेट-पीस, म्हणजे फ्री किक, कॉर्नर. बघायला रटाळ म्हणा हवं तर, पण गुण मिळतात. मुंबईने सोडल्यावर ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले आणि 2016-17 ची आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकली: 18 सामन्यांत 37 गुण, मोहन बागानपेक्षा फक्त एक जास्त. शेवटच्या सामन्यात शिलाँग लाजाँगविरुद्ध पिछाडीवरून 1-1 बरोबरी साधली, तेवढी पुरली.

तरीही आयएसएलमध्ये परदेशी प्रशिक्षकांचीच चलती. 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना आधी हंगामी म्हणूनच घेतलं. संघ बाद फेरीत पोचल्यावर पद कायम झालं. पुढे जमशेदपूर, आणि ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय संघ.