कुलूपबंद वही

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ६१ टक्के आहेत. यंदा वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या कामाला जाऊन आली आणि आता ‘संवर्धनाच्या कामांच्या नोंदी ठेवायच्या’ म्हणते. फोटो काढत फिरणं हे काय करिअर झालं? बँकेच्या परीक्षांना बसत नाही, म्हणून तिची वही कपाटात ठेवून कुलूप लावलंय. एक पान पाठवतोय. तिला समजवा. – एक पालक, महाड

उत्तर : मला तुमच्याशीच बोलायचंय. ६१ टक्क्यांनी काही अडत नाही, पण ते कुलूप माझ्या मनातून जात नाही. विशीतल्या मुलीची वही बंद केली म्हणून ती बँकेचा अभ्यास करणार नाही, तुमच्याशी बोलायची थांबेल. पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत उरकलंत, यावरून ती थांबलीही असावी.

पान नीट वाचलं. घरटं क्र. १४, अंडी ११२, घरट्याची खोली, भरतीरेषेपासूनचं अंतर, अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत, हलवल्याची तारीख आणि वेळ. यात फोटो कुठे आहे? खोली लिहायची, कारण हॅचरीत तेवढाच खोल खड्डा करावा लागतो. तारीख लिहायची, कारण पिल्लं वर यायला पन्नासेक दिवस लागतात आणि त्या सुमारास लक्ष ठेवावं लागतं.

नोंद म्हणजे आठवणीसाठी काढलेला फोटो, हा तुमचा गैरसमज आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादी कासवाच्या पायाला क्रमांकाची धातूची पट्टी होती. ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली! पूर्व किनाऱ्यावरची मादी कोकणात येऊन अंडी घालते हे कळलं, कारण तिकडे कुणीतरी तो क्रमांक नीट लिहून ठेवला होता.

पुढचे रस्ते आहेत : पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं एम.एस्सी., डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राचं, किंवा यूपीएससीतून वनसेवा. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या आणि कमी पगाराच्या असतात. हे तिला जरूर सांगा, पण धाक म्हणून नको.

तिच्यासाठी एकच सूचना. त्या पानावर किती पिल्लं समुद्रात गेली ते आहे, न फुटलेल्या अंड्यांचा रकाना मात्र कोरा आहे. काय फसलं तेही लिहायला हवं. त्यासाठी वही तिच्या हातात लागेल. आजच द्या.