बायोडेटा जातो, बोलावणं येत नाही

प्रश्न: आम्ही काही नोकरदार मित्र दर रविवारी दांडिया बाजारात आयटीआय झालेल्या आणि महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या मुलांना बायोडेटा करून देतो. तरी बोलावणं येत नाही. कुठे चुकतंय? (वडोदरा)

उत्तर: बहुधा सगळ्यांना एकच नमुना देताय. ‘मेहनती, प्रामाणिक’ हे कुणी वाचत नाही. एकच पान ठेवा. वरच ट्रेड, चालवलेली मशीन आणि हाताळलेली मापनसाधनं लिहा. मुलाखतीत फिटर-टर्नरला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचायला लावतात आणि मुलं तिथेच अडकतात. म्हणून ०.०२ मिमी लीस्ट काउंटचं (म्हणजे इतकं बारीक माप दाखवणारं) व्हर्नियर आणा, प्रत्येकाकडून दहा मापं घेऊन घ्या. तोंडी सरावापेक्षा हे कामाचं.

मग कागद. आधार, मार्कशीट आणि बँकखात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. एकावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नाही, की पीएफची केवायसी अडकते. दुरुस्ती आधीच उरका.

अनुभव नसेल तर अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात काम करत शिकणं, धरा. १९६१च्या कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे मकरपुरा जीआयडीसीत (वडोदऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत) विचारायला संकोच नको. सरकारी पोर्टलवर नोंदणी मात्र मुलाच्या स्वतःच्या मोबाइलवरून करा. तुमचा नंबर दिलात तर ओटीपीसाठी रोज फोन येतील!

नव्या मुलांना शिफ्ट, सुट्टी, पगार एवढ्यापुरती तरी गुजराती शिकवा. आणि कुणी ‘डिपॉझिट’ मागितलं तर तिथून सरळ उठून यायला सांगा.